आईचं मशीन मोडीत काढू का?

प्रश्न : ताई, माझ्या आईचं शिलाई मशीन गेली अकरा वर्षं कोपऱ्यात चादरीखाली पडून आहे. काळं, जड, बिडाचं, वर सोनेरी वेलबुट्टी आणि उजवीकडे हातानं फिरवायचं चाक. आई गेल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. मध्यंतरी मी एक हलकं, विजेवर चालणारं नवं मशीन घेतलं होतं. जीन्सची मुरड घालताना त्याच्या आत काहीतरी कडकन मोडलं, आणि दुरुस्त करण्यात अर्थ नाही असं ऐकायला मिळालं. परवा आईच्या मशीनवरची चादर काढली, तर चाक जागचं हलेना. घरातले म्हणतात, मोडीत देऊन टाक, जागा तरी होईल. भाऊ म्हणतो, थांब, जुनं आहे, चांगली किंमत येईल. बारा वर्षांची मुलगी म्हणते, मला यावरच शिकायचंय. मला ते द्यायचं नाही, पण का द्यायचं नाही हे विचारलं की उत्तर सुचत नाही. ही नुसती आईची आठवण आहे का?

उत्तर : देऊ नका. निदान मी पुढे सांगते तेवढं करून पाहिल्याशिवाय तरी देऊ नका.

आईची आठवण त्यात आहेच, आणि ती लपवायचं काही कारण नाही. पण अकरा वर्षं तुम्ही ते मशीन चादरीखाली ठेवू शकलात आणि नवं मशीन मोडल्यावरच चादर काढायला गेलात, हे मला महत्त्वाचं वाटतं. जीन्स शिवायची होती आणि हे शिवेल असं तुम्हाला आतून वाटलं. ते वाटणं बरोबर आहे. त्याला बिडाएवढी भक्कम कारणं आहेत, ती घरातल्यांना सांगता यावीत म्हणून थोडं विस्तारानं लिहिते.

जीन्सच्या पायाची मुरड बाजूच्या शिवणीवर येते, तिथे कापडाचे सहा-आठ थर एकावर एक बसतात. सुई तिथे अडते. छोट्या विजेच्या मशीनमध्ये मोटर मात्र ढकलत राहते, कारण सुई अडली आहे हे तिला कळत नाही. तो सगळा जोर मधल्या सगळ्यात कच्च्या भागावर जातो, आणि स्वस्त मशीनमध्ये तो भाग बहुधा नायलॉनचा गिअर असतो. तुम्ही ऐकलेला आवाज त्याचाच असावा. आईच्या मशीनमध्ये हाताच्या चाकापासून सुईपर्यंत जे काही हलतं ते पोलाद आणि बीड आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की जोर तुमच्या हाताचा आहे. सुई अडली की चाक जड लागतं, हात आपोआप थांबतो, आणि मग तुम्ही एक एक टाका पुढे काढता. मशीन आणि हात यांच्यामध्ये काहीच आड येत नाही. हे एकदा अनुभवलेल्या माणसाला दुसऱ्या मशीनवर बसलं की चुकल्यासारखं होतं, ते यामुळेच.

वजनाचंही तसंच. उचलताना नको वाटणारं ते दहा किलोच्या वरचं वजन शिवताना मशीनला जागेवर धरून ठेवतं. थरथर बिडातच विरते, म्हणून टीप सरळ येते.

आता तुम्ही काय करायचं ते.

चाक हलत नाही म्हणजे मशीन मेलं असं अजिबात नाही. अकरा वर्षं बंद असलेल्या मशीनचं चाक हललं असतं तर मला नवल वाटलं असतं. शेवटचं तेल घातलं ते सांध्यांमध्ये वाळून त्याचा राळेसारखा चिकट, पिवळट-तपकिरी थर झालेला असतो. त्यानं सगळं धरून ठेवलंय. क्वचित कुठे गंजही असतो, पण दहातल्या नऊ वेळा वाळलेलं तेलच असतं, आणि ते सुटतं. फक्त घाई आणि जबरदस्ती करायची नाही. हातोडी तर खोलीतही आणू नका.

पहिल्या दिवशी सुई काढा, दाबाचा पाय काढा, खालची सरकती पट्टी उघडून बॉबिन बाहेर घ्या. शटलच्या, म्हणजे बॉबिनभोवती फिरून वरचा दोरा उचलणाऱ्या भागाच्या, खोबणीत टॉर्च मारून बघा. तिथे जुन्या दोऱ्याचे तुकडे गुंडाळलेले असतात, आणि नुसत्या तेवढ्यानंही चाक अडतं. ते चिमट्यानं ओढून काढा. सुईखालून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली धूळ आणि कापडाचा भुगा यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला असेल. वरची सुईची पट्टी दोन स्क्रू काढून उचलली की तो दिसेल. बसकणीच्या बिजागऱ्यांवर मशीन मागे कलतं करा आणि खालची बाजू उघडी करा. आता जिथे जिथे धातूवर धातू घासतो तिथे एक एक थेंब मशीनचं तेल सोडा. वरच्या अंगाला तेलासाठी बारीक भोकं केलेली असतात, ती एकही सोडू नका. फारच घट्ट असेल तर आधी दोन-चार थेंब रॉकेल, पण खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास कसलीही आच नसताना. मग झोपायला जा.

दुसऱ्या दिवशी चाक धरून नुसतं मागे-पुढे डोलवून बघा. केसभर हललं तरी पुष्कळ झालं. पुन्हा तेल. केस वाळवायच्या ड्रायरची ऊब सांध्यांवर धरली तर चिकटा लवकर सैल पडतो (रॉकेल घातलं असेल तर ते पूर्ण उडून गेल्याशिवाय ड्रायर जवळ आणू नका). मला एका मशीनला चार दिवस लागले होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी चाक अर्धं फिरलं आणि अडलं, मग एकदम संपूर्ण फिरलं, आणि सुईचा दांडा वर-खाली झाला. त्या क्षणाचा आवाज मला अजून आठवतो, मऊ टकटक, जणू कुणी दाराशी हळूच वाजवतंय.

तेल मात्र शिलाई मशीनचंच हवं, पातळ आणि पाण्यासारखं स्वच्छ. स्वयंपाकातलं कुठलंही तेल घालू नका, ते वाळून पुन्हा तसाच चिकटा करतं. आणि वरची सोनेरी नक्षी पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीही वापरू नका. जुन्या मशीनांच्या काळ्या रंगावर बहुतेकदा लाखेचा पातळ थर असतो. अल्कोहोलनं तो विरघळतो आणि नक्षी एका पुसण्यात जाते. मऊ फडक्यावर तेच मशीनचं तेल घेऊन हळूहळू पुसा, मळ निघतो आणि काळा रंग खुलतो.

चाक फिरायला लागलं आणि सुई मात्र हलत नसेल, तर घाबरून कुणाला बोलावण्याआधी चाकाच्या मधोमध असलेली गोल चकती घट्ट करा. बॉबिन भरताना सुई चालू नये म्हणून ती सैल करायची असते. आईनं शेवटचं बॉबिन भरून ती तशीच ठेवली असेल. चकती घट्ट करूनही काही होत नसेल तर तिच्या आतली कान असलेली वॉशर उलटी बसली असेल, ती अर्धा फेरा फिरवून बसवा.

एवढं झालं की नवी सुई लावा. जुनी कितीही चांगली दिसली तरी नवीच. नेहमीच्या सुती कापडाला 90 नंबरची, जीन्सला 100 नंबरची. आईच्या डब्यात सुयांचं जुनं पाकीट असेल तर त्यावरचा क्रमांक दुकानात दाखवा, कारण काही जुन्या मशीनांना वेगळी सुई लागते. आणि सुईची सपाट बाजू कुठे येते ते नीट बघून घ्या. कुठल्या मशीनमध्ये ती डावीकडे असते, कुठल्यात उजवीकडे, पण शटलचं टोक ज्या बाजूनं सुईला घासून जातं त्या बाजूला सपाट अंग, आणि लांब खाच असलेल्या उलट्या अंगानं दोरा ओवायचा, हे सगळीकडे सारखं. मी शिकत होते तेव्हा सुई उलटी लावून दोन दिवस टाके सुटत बसले होते. मशीनच खराब म्हणून ते परत करायला निघाले होते. एका वयस्क शिंप्यानं सुई काढून फिरवून लावली, एक शब्द बोलला नाही, आणि टीप सुरू झाली.

पुढचं मी तुम्हाला आवर्जून करायला सांगते. दोरा ओवा, पट्टी उघडी ठेवा आणि चाक अगदी सावकाश फिरवत आत बघा. सुई खाली जाते, तळाला पोचते आणि केसभर वर येते. त्या केसभरात दोरा सुईच्या मागे सैल पडतो आणि त्याचा इवलासा फास होतो. नेमक्या त्याच वेळी शटलचं टोक येऊन तो फास उचलतं, बॉबिनच्या दोऱ्याला त्यातून पार करतं, आणि वरची दांडी दोरा वर ओढून गाठ कापडाच्या पोटात नेऊन बसवते. टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा, अशा टाक्याच्या मशीनचं पेटंट एलिअस होवेनं 1846 साली घेतलं. आयझॅक सिंगरचं पेटंट 1851 चं. कापड पकडून पुढे नेणं, खाली जाणं, मागे येणं, वर येणं ही दात्यांची चार चालींची रचना ॲलन विल्सनची, 1854 ची. आज पडद्यावर बोट ठेवून चालवायचं जे महागडं मशीन मिळतं, तेही हाच टाका याच चालींनी घालतं. फरक एवढाच की तिथे हे सगळं झाकणाआड चालतं आणि बिघडलं तर काय बिघडलं ते आपल्याला दिसत नाही. आईच्या मशीनमध्ये दिसतं. पाच मिनिटं हे पाहिलंत की ते मशीन तुमचं झालं. मग त्यात बिघाड झाला तरी भीती वाटत नाही.

उदाहरणार्थ, कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनच्या मागे लागतात. खाली गुंता म्हणजे बहुतेक वेळा चूक वरची असते. दाबाचा पाय खाली असताना दोरा ओवला तर तो ताणाच्या दोन चकत्यांमध्ये नीट उतरतच नाही. पाय वर घेऊन पुन्हा ओवा, गुंता बंद. बॉबिन केसचा बारीक स्क्रू मात्र अगदी शेवटचा उपाय म्हणून, आणि तोही पाव फेऱ्याहून जास्त नाही.

भावाच्या किमतीच्या मुद्द्यावर स्पष्ट बोलते. नुसतं जुनं म्हणून फार मोल येत नाही, कारण ही मशीनं अफाट संख्येनं बनली. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या सिंगर कारखान्यातून एकट्या 1913 या वर्षात 13 लाखांहून जास्त मशीनं बाहेर पडली. हा कारखाना 1980 साली बंद झाला. तुमचं मशीन सिंगरचं असेल तर बिडावर कोरलेला क्रमांक बघा. 1900 पासूनच्या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर असतं, आणि त्यावरून कारखाना आणि साल दोन्ही काढता येतं. दुसऱ्या कंपनीचं असेल तरी निराश होऊ नका. सिंगरच्या ‘क्लास 15’ या जातीची रचना इतकी पक्की होती की दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या कारखान्यांनी ती जशीच्या तशी उचलली आणि वेगवेगळ्या नावांनी जगभर पाठवली.

भावाला जे कमीपणाचं वाटेल तेच तुमच्या फायद्याचं आहे. मशीन दुर्मिळ नाही म्हणून त्याचे सुटे भाग दुर्मिळ नाहीत. क्लास 15 चं बोटाच्या पेराएवढं गोल बॉबिन आजच्या कितीतरी नव्या मशीनांत चालतं, म्हणून ते कुठेही मिळतं. बॉबिन भरायच्या चाकाची रबरी कडी विरलेली असेल, तीही मिळते. आत गोल बॉबिनऐवजी लांबट काडीसारखं बॉबिन आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शटल निघालं, तर मशीन आणखी जुन्या घडणीचं आहे. ते शटल जिवापाड जपा आणि पडू देऊ नका.

आता या मशीनला काय जमणार नाही तेही सांगायला हवं, नाहीतर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. ते बहुधा फक्त सरळ टीप घालेल. नागमोडी टीप नाही. त्यामुळे टी-शर्टासारखं ताणलं जाणारं कापड सरळ टिपेनं शिवलं की अंगात घालताना टाके तटातट तुटतात. कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून त्या आत दुमडून शिवाव्या लागतील. काज करायला वेगळा जोड मिळतो. तो पायाच्या जागी बसतो आणि कापडच डावी-उजवीकडे हलवतो. त्याचं काज मला नव्या मशीनच्या काजापेक्षा देखणं वाटतं, पण तो मिळवून बसवण्याचा खटाटोप आहे. शिवाय हातमशीनवर उजवा हात चाकात अडकतो आणि कापड सांभाळायला डावा एकटाच उरतो. लांबलचक पडदे शिवताना ते जाणवेल. रोज ताणाचे कपडे शिवायचे असतील तर पुढेमागे नागमोडी टिपेचं एक मशीन जवळ ठेवावं लागेल. ते घ्या, पण याच्या बदल्यात नको.

आणि घेताना ‘जुनं म्हणजे मजबूत’ असं धरून चालू नका. 1960 च्या दशकापासून कितीतरी मशीनांत नायलॉनचे गिअर आले, तेव्हा पन्नास वर्षांचं मशीनही आतून कच्चं निघू शकतं. झाकण उघडून आत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मोटर लावलेलं जुनं मशीन असेल तर प्लग लावण्याआधी वायरमनला दाखवा, जुन्या वायरींवरचं रबर हात लावताच गळून पडतं. तुमचं चाकाचं असल्यामुळे तुम्हाला ती काळजीच नाही.

सरळ टीप मात्र अशी घालेल की बघत राहाल. या मशीनांच्या सुईच्या पट्टीला एकच बारीक गोल भोक असतं. नागमोडी टिपेच्या मशीनला सुई दोन्हीकडे जाते म्हणून रुंद फट ठेवावी लागते, आणि पातळ कापड त्या फटीत गिळलं जातं. इथे कापडाला चारही बाजूंनी आधार असतो. मलमल घ्या नाहीतर कॅनव्हास, टाका टाक्यासारखाच पडतो.

माझं स्वतःचं हातमशीन मी दुसऱ्यांदा विकलं जाताना घेतलं. आधी कुणाचं होतं ते कळायला मार्ग नाही. सुईच्या डावीकडे बिडावर दोन बोटांएवढा भाग आहे, तिथली सोनेरी वेल पुसली गेली आहे आणि काळा रंग विरून तपकिरी झाला आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं डाव्या हाताची बोटं तिथे टेकवून कापड पुढे सरकवलं, त्याची ती खूण. आता माझी बोटंही तिथेच टेकतात. तुमच्या आईच्या मशीनवर ती जागा असणार. तेलाचं फडकं फिरवताना सापडेल. मी तिथे नवा रंग किंवा नवी नक्षी लावणार नाही, आणि तुम्हीही लावू नये असं मला मनापासून वाटतं.

घरातल्यांचा जागेचा मुद्दा खरा आहे. त्यावर एकच उपाय मला माहीत आहे. मशीन कोपऱ्यातून काढून खिडकीजवळ, उजेडात, टेबलावर ठेवा आणि पहिल्या आठवड्यातच घरातल्या प्रत्येकाचं एक तरी उसवलेलं काम त्यावर करून द्या. शोभेची वस्तू म्हणून, वर फुलदाणी ठेवून, मशीन ठेवायचं असेल तर मग घरातले म्हणतात ते मला पटेल. बंद मशीनचं तेल पुन्हा वाळतं. महिन्यातून एकदा तरी ते चालायला हवं आणि चालवण्याआधी थेंब थेंब तेल मिळायला हवं.

मुलीला खुशाल बसवा. बारा वर्षांच्या मुलीला शिकायला हातमशीनसारखं दुसरं मशीन नाही, कारण ते तिच्यापेक्षा वेगानं कधीच पळणार नाही. पहिले दोन दिवस दोरा ओवूच नका. वहीचा रेघी कागद घ्या, टाक्याची लांबी मोठी ठेवा आणि तिला रेघेवरून भोकं पाडत जाऊ द्या. मग कागदावर चौकोन काढून द्या. कोपऱ्यात आलं की सुई कागदात खाली ठेवायची, पाय उचलायचा, कागद वळवायचा, पाय खाली. मग गोल. गोल जमला की दोरा ओवा आणि उशीचा अभ्रा शिवायला द्या. डावा हात कुठे ठेवायचा ते तिला ती पुसट जागा दाखवून सांगा. कागदावर चालवलेली सुई बोथट होते, ती कापडाला लावू नका. चिंध्यांच्या एका पुरचुंडीत टोचून वेगळी ठेवा, पुढच्या कागदासाठी.